कावळा शिवल्यानंतर

दहाव्याच्या सकाळी घाटावर पिंड मांडून होतात. शेजारी पत्रावळीवर गेलेल्या माणसाच्या आवडीचं वाढलेलं असतं. वरण-भात, बुंदीचा लाडू, कुणाच्या वेळी चहाचा कप, कुणाच्या वेळी तंबाखूची पुडीसुद्धा. सगळे दहा-पंधरा पावलं मागे सरून उभे राहतात. कावळे समोरच्याच झाडावर असतात, पण खाली उतरत नाहीत. पाच मिनिटं जातात, दहा जातात. मग कुजबुज सुरू होते, "काहीतरी मनात राहिलंय." थोरला भाऊ पुढे होतो, हात जोडतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतो, "पोरांच्या शिक्षणाची काळजी करू नको, मी बघतो." तरी कावळा येत नाही. मग मेहुणा म्हणतो, "ताईला कधी अंतर देणार नाही." केव्हातरी एक कावळा उतरतो, पिंडाला चोच लावतो, आणि घाटावरची सगळी माणसं एकदम सैल होतात.

यावर विश्वास असो वा नसो, त्या दहा मिनिटांत एक फार शहाणी गोष्ट घडते. मागे राहिलेल्यांचं कोण काय बघणार, हे चारचौघांसमोर तोंडाने बोललं जातं. फक्त त्यातलं जवळजवळ सगळं शिक्षण, लग्न, कर्ज आणि जमीन यांबद्दल असतं. "चौदाव्या दिवसापासून संध्याकाळी मी वहिनीपाशी येऊन बसेन," असं कुणी म्हणत नाही. मागे राहिलेलं माणूस स्वतः जगणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं. दुःखाच्या पहिल्या वर्षात नेमकं तेच गृहीत धरू नये.

पहिले तेरा दिवस घर भरलेलं असतं. चूल पेटत नाही, शेजारचे पिठलं-भाकरी आणून देतात, रात्री हॉलमध्ये सतरंज्या टाकून सात-आठ जण झोपतात. समाचाराला येणारा प्रत्येक जण विचारतो, "कसं झालं?" आणि घरचे तीच हकिगत पंचविसाव्यांदा सांगतात. बाहेरून बघणाऱ्याला ते क्रूर वाटतं. पण पुन्हा पुन्हा सांगूनच घडलेलं खरं वाटायला लागतं, आणि आपल्या रीतीने ती सोय करून ठेवली आहे. तेराव्याला गोडाचं जेवण होतं, बाहेरगावचे आपापल्या गाड्या धरतात. चौदाव्या दिवशी सतरंज्या माळ्यावर जातात, मांडववाला खुर्च्या घेऊन जातो. आणि संध्याकाळी साडेसहाला, ज्या वेळी जिन्यात ती ओळखीची पावलं वाजायची, त्या वेळी घरात एकटं माणूस असतं.

बहुतेकांचं दुःख खऱ्या अर्थाने इथे सुरू होतं. सुरुवातीला मन बधिर असतं. तो बधिरपणा उतरायला लागतो त्याच सुमारास माणसं पांगतात. भूल उतरायच्या वेळी नर्सने घरी जावं, तसं हे होतं. जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्याच्या जिवाला असलेला धोका पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत दिसलं आहे. बायकोमागे राहिलेल्या पुरुषांत तो आणखी ठळक असतो. तरणं मूल गेलेले आईबाप आणि घरातलं कुणी आत्महत्येने गेलेली माणसं, यांच्याकडेही असंच डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. महाराष्ट्रात २०२२ साली २२,७४६ आत्महत्यांची नोंद झाली, देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. म्हणजे त्या एका वर्षात तितक्या घरांमध्ये कुणीतरी असं मागे राहिलं, ज्याच्याकडे पुढची दोन-तीन वर्षं लक्ष असायला हवं होतं.

तरी एक आधीच सांगायला हवं. दुःख हा आजार नाही. जेवण न जाणं, पहाटे तीनला जाग येणं, स्वयंपाकघरात मीठ आणायला जाऊन कशाला आलो ते विसरणं, छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटणं, गर्दीत पाठमोऱ्या माणसाला बघून "हेच ते" वाटणं, कुकरच्या आवाजात त्यांची हाक ऐकू येणं, हे सगळं दुःखाचंच आहे. वेड लागलं की काय म्हणून पुष्कळ जण हे कुणाला सांगत नाहीत, आणि त्या न सांगण्याचा जाच निराळा होतो. हाक ऐकू येते यात घाबरण्यासारखं नाही. ती हाक "ये, माझ्याकडे ये" असं सांगू लागली तर मात्र थांबू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.

दुःखाच्या पाच पायऱ्या असतात असं ठिकठिकाणी वाचायला मिळतं. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी १९६९ साली हे मांडलं, पण ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांसाठी तो नकाशा काढलेलाच नव्हता. तरी लोक त्याने स्वतःला मोजतात आणि "सहा महिने झाले, मी अजून स्वीकारावर आले नाही" म्हणून खचतात. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १९९९ साली वेगळं चित्र मांडलं, आणि ते मला जास्त खरं वाटतं. माणूस झोके घेत असतं. एक झोका गेलेल्याकडे जातो, त्यात फोटो, शर्टाचा वास, रडणं येतं. दुसरा झोका जगण्याकडे येतो, त्यात लाइट बिल, मुलाची फी, अचानक आलेलं हसू. दोन्ही लागतात. हसल्याबद्दल अपराधी वाटून घेण्याचं कारण नाही. दिवाळीत रडू कोसळलं म्हणजे सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असंही नाही. काळजी करायची ती झोका एकाच बाजूला अडकला तर. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लांबलेल्या दुःखाला २०२२ पासून वेगळं स्थान आहे. सहा महिने उलटूनही रोजची तीव्र ओढ, काहीच करता न येणं, आपल्या समाजात साधारण जेवढा काळ लागतो त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं, अशी त्याची ओळख आहे. अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ मोठ्या माणसांसाठी एक वर्ष धरतात. त्यावर नेमके उपचार आहेत, म्हणून हे नाव माहीत असावं.

पण जीव द्यायचा विचार सहा महिने वाट बघत नाही.

तो आपल्या बोलण्यात कसा येतो, ते ओळखता यायला हवं. "मलाच का नाही नेलं", "ते गेले, सुटले", "आता माझं काय राहिलंय", "धाकटीचं लग्न लावून दिलं की मी मोकळी". ही वाक्यं दुःखात इतकी ओठांवर असतात की ऐकणारा ती ऐकतच नाही. ऐकली तर "असं अभद्र बोलू नये" म्हणून गप्प करतो. दोन्हींत तोटाच आहे. यांतलं बरंचसं नुसतं ओढीचं असतं: जिथे तो गेला तिथे जावं, सकाळी जागच येऊ नये. इथपर्यंत कितीतरी जण येतात आणि परत फिरतात. त्यापुढच्या पायऱ्या वेगळ्या आहेत. आपणच काही करून घ्यावं असं वाटणं, कसं ते मनात येणं, केव्हा ते ठरणं, आणि त्याची तयारी. जितकी पुढची पायरी तितकी घाई. काही खुणा बोलण्याऐवजी वागण्यात दिसतात. एकाएकी सगळे हिशेब नीट लावणं, दागिने मुलींत वाटून टाकणं, ज्याच्याशी अबोला त्याला फोन करणं, मांजर शेजाऱ्यांना देऊन टाकणं. महिनाभर तळमळणारं माणूस एके दिवशी एकदम शांत दिसलं तर घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. त्या शांतपणाचं कारण विचारून घ्यावं.

विचारायचं ते सरळ. "बरं आहे ना?" याला "हो" हे एकच उत्तर असतं. दिराने वहिनीला विचारायचं असेल तर असं विचारता येईल: "वहिनी, एक विचारतो, रागावू नका. आपण जगूच नये, जीव द्यावा असं मनात येतं का?" शब्द हेच ठेवावेत. "असं तसं काही नाही ना मनात?" असा प्रश्न "नाही" हेच उत्तर मागतो. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार शिरेल ही भीती सगळ्यांना असते, पण अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. उलट, विचारलं की माणसाच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. रात्री-रात्री एकट्याने वाहिलेली गोष्ट कुणाला तरी सांगता येते, आणि समोरचा पळून गेला नाही हे त्याला दिसतं.

उत्तर "हो" आलं तर पहिलं मिनिट काही करू नये. उपदेश नको, रडारड नको, "पोरांकडे बघ ना जरा" असंही नको. मुलं हे जगण्याचं मोठं कारण असतं, पण ते त्या माणसाच्या तोंडून यायला हवं. आपण सुनावलं की त्याचा अर्थ "तू वाईट आई आहेस" एवढाच पोचतो. "सांगितलंत ते बरं केलंत" म्हणावं आणि पुढचं विचारावं. किती दिवसांपासून? रोज येतो का? काही ठरवलंय का? त्यासाठी लागणारं घरात आहे का? यापूर्वी कधी प्रयत्न केला होता का? ठरलेलं आहे आणि साधन हाताशी आहे असं कळलं, तर त्या क्षणापासून त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, संडासाच्या दाराची कडीसुद्धा लावू द्यायची नाही. त्याच दिवशी जवळच्या सरकारी किंवा खाजगी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यायचं. रात्र असेल तर तातडीच्या विभागात न्यायचं, गाडी नसेल तर ११२ लावायचा. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन मुळीच द्यायचं नाही. "सगळ्या गावाला नाही सांगणार, पण ताईंना आणि डॉक्टरांना सांगेन" असं म्हणावं, आणि तसंच वागावं.

शपथ घालू नये, हे आपल्याकडे मुद्दाम सांगावं लागतं. "माझी शपथ आहे, असं काही करणार नाही म्हण" हे प्रेमापोटीच होतं. पण अशा वचनाने माणूस थांबतो असं दिसत नाही. होतं एवढंच की पुढच्या वेळी विचार आला की शपथ मोडल्याची लाज वाटते आणि तो सांगणं बंद करतो. डॉक्टरही असे करार आता सहसा लिहून घेत नाहीत. त्याऐवजी एक कागद करतात, तो घरीही करता येतो. वहीचं एक पान पुरतं, पण ते ज्याचं त्याच्याच हाताने लिहिलेलं हवं. पहिल्यांदा, माझी वाईट वेळ सुरू होते ती कशी ओळखायची: संध्याकाळी दिवा लावताना, त्यांच्या पगाराच्या तारखेला, सलग दोन रात्री झोप झाली नाही की. त्याखाली, अशा वेळी मी एकटी काय करू शकते: अंघोळ, गॅलरीतल्या कुंड्या, हरिपाठ, भाजी निवडणं. मग, कुठे जाऊन बसता येईल जिथे चार माणसं असतात पण काही सांगावं लागत नाही: देऊळ, वाचनालय, शेजारच्या काकूंचं दुकान. मग ज्यांना खरं सांगता येईल अशी दोन-तीन नावं, फोन नंबर लिहून, "मोबाइलमध्ये आहे" म्हणून सोडून न देता. मग डॉक्टर आणि हेल्पलाइन. आणि शेवटी, घरातली कोणती वस्तू कुणाकडे ठेवायला दिली आहे ते. हा कागद कपाटात ठेवून उपयोग नाही. फ्रिजच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावा. दुसरी प्रत ज्याचं नाव त्यात आहे त्याच्याकडे असावी.

शेवटच्या ओळीवर थोडं थांबतो, कारण सर्वांत जास्त जीव तिथेच वाचतात आणि तीच सगळ्यांत जास्त राहून जाते. दीर्घ आजाराने माणूस गेलेलं असलं तर त्याच्या गोळ्या घरात मागे राहतात, कधी पिशवीभर. तेराव्याच्या आवराआवरीत भांडी, अंथरुणं, कपडे यांची वासलात लागते, ती पिशवी मात्र "नंतर बघू" म्हणून राहते. ती तेराव्याच्या आत रुग्णालयात, औषधाच्या दुकानात परत करावी किंवा एका नातेवाइकाने ताब्यात घेऊन नष्ट करावी. गावाकडे फवारणीचं औषध गोठ्यात किंवा माळ्यावर असतं. दुखवट्याच्या घरात ते असूच नये. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच आणावं. तेही जमणारं नसेल तर कुलपाची पेटी चुलत्याच्या घरी आणि किल्ली तिसऱ्याकडे. "ज्याला करायचंच आहे तो काहीही करेल," असं लोक म्हणतात. हे चूक आहे. विचार महिनोन्महिने असला तरी त्याची अनावर लाट बहुधा थोडाच वेळ टिकते, काही मिनिटं, काही तास. त्या वेळात हाताशी काही नसलं की लाट ओसरते. आणि त्यातून वाचलेले बहुतेक जण पुढे आपलं आयुष्य जगतात. श्रीलंकेने १९९५ पासून सर्वांत विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली आणि तिथला आत्महत्यांचा दर कमालीचा खाली आला. लोकांची दुःखं कमी झाली म्हणून तो उतरला नाही. वाईट तासात हाताशी मरण नव्हतं, म्हणून उतरला.

डॉक्टरांकडे गेल्यावर काय होतं ते माहीत नसल्यामुळेही माणसं जात नाहीत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातही असते. केसपेपर काढायचा, आणि सोबत्याने शक्यतो आत बसायचं. नैराश्याची गोळी दिली तर तिचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्त. पाचव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून ती बंद करू नये, आणि बरं वाटल्यावरही आपल्या मनाने सोडू नये. सुरुवातीच्या आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्यांत, अस्वस्थता वाढू शकते, म्हणून त्या काळात राखण जास्त. झोपेची गोळी दिली असेल तर आठवड्यापुरतीच आणायची आणि ती दुसऱ्याने जवळ ठेवून रोजची रोज द्यायची. दारू घरात नको. दुःख विसरायला घेतलेला पेग झोप मोडतो, मन खचवतो आणि जो हात एरवी थांबला असता त्याला थांबू देत नाही.

घरोघरी धोका वेगवेगळ्या दाराने येतो. बाईला पहिल्याच दिवशी बांगड्या, कुंकू, जोडवी यांच्यासकट माणसांतून काढलं जातं. नंतर हळदीकुंकवाला बोलावणं थांबतं, बारशाला मागे उभं राहायचं, आणि बघता बघता तिचं बाहेर पडणं दोन ठिकाणी येऊन ठेपतं, बँक आणि देऊळ. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने ४ मे २०२२ ला विधवांच्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनी तो गिरवावा असं परिपत्रक काढलं. मी त्या ठरावाकडे आत्महत्या रोखण्याचं काम म्हणूनही बघतो. माणसांत राहणं हे या बाबतीत औषधाइतकंच मोलाचं आहे. नंदेने पुढच्या संक्रांतीला वहिनीला सगळ्यांच्या आधी वाण दिलं, तर त्याला कुठल्या ठरावाची वाट बघायला नको.

म्हाताऱ्या पुरुषाचं वेगळं असतं. चाळीस वर्षं चहाचा डबा कुठल्या फळीवर आहे हे त्याला माहीत नसतं. मुलं डबा लावून देतात, तो डबा दोन वेळा येतो आणि निम्मा उरतो. अशा माणसाला शेजारी उभं राहून स्वयंपाक शिकवावा. लहान कुकरमध्ये अर्धी वाटी तांदूळ, पाव वाटी मूगडाळ, चिमूटभर हळद, मीठ, अडीच वाट्या पाणी. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद, वाफ आपोआप जाऊ द्यायची, वरून तूप. शिट्ट्या मोजणं, वाफ जायची वाट बघणं, यात त्याची संध्याकाळची वीस मिनिटं जातात, आणि तीच वीस मिनिटं वाईट असतात. पुरुष कमावत्या वयाचा असेल तर घाटावर केस देऊन आलेला तो माणूस चौदाव्या दिवशी टोपी घालून ऑफिसात बसतो. "सावरलास ना?" असं विचारलं की "हो" म्हणतो. त्याला जेवायच्या सुट्टीत बाहेर काढून पुन्हा विचारावं.

मुलांशी खोटं बोलू नये. पाच-सहा वर्षांपर्यंत मरण कायमचं असतं हे कळत नाही. "बाबा झोपलेत" म्हटलं तर मूल झोपायला घाबरतं. "देवाला आवडले म्हणून नेलं" म्हटलं तर देवाला घाबरतं. "बाबांचं शरीर चालायचं बंद झालं, ते आता परत येणार नाहीत, तुझ्यामुळे काहीच झालेलं नाही." एवढी तीन वाक्यं, जितक्यांदा विचारेल तितक्यांदा. मूल "मला पण बाबांकडे जायचंय" म्हणालं तर दचकून ओरडू नये. "तुला बाबा हवे आहेत, हो ना?" असं म्हणून जवळ घ्यावं, आणि मग "म्हणजे कसं जायचं वाटतं तुला?" असं शांतपणे विचारावं. बहुतेक वेळा ते गावाला जाण्यासारखंच काही सांगतं. मोठ्या मुलाने दुसरं काही सांगितलं तर मोठ्यांसाठी जे केलं तेच त्याच्यासाठी करायचं.

आणि ज्या घरातलं माणूस आत्महत्येने गेलं, त्या घराला तर तेरा दिवसही नीट मिळत नाहीत. पोलीस, पंचनामा, शवविच्छेदन, वर्तमानपत्रातली चार ओळींची बातमी, आणि घाटावरच सुरू झालेलं "बायकोशी पटत नव्हतं म्हणे". मागे राहिलेली बाई मनात शेवटची संध्याकाळ हजार वेळा उलगडून बघते. तेव्हा फोन उचलला असता तर, भाजीवरून बोलले नसते तर. आत्महत्येमागे एकच कारण कधी नसतं. आजार, कर्ज, दारू, अपमान, एकटेपणा आणि तो एक वाईट तास, असं बरंच काही एकत्र आलेलं असतं. भाजीवरून झालेलं बोलणं त्यात मावत नाही. हे तिला एकदा सांगून भागत नाही. समाचाराला गेलात तर "का केलं" हे विचारू नका. गेलेल्याचं नाव घ्या, त्याची एखादी चांगली आठवण सांगा. त्या घरात त्याचं नाव घेणारं कुणी उरलेलं नसतं. "आजाराने गेला" म्हणतो तसं "आत्महत्येने गेला" म्हणा, मुलांनाही पुढेमागे त्यांच्या वयाला पेलेल तसं खरंच सांगा. शाळेतून कळण्याआधी घरातून कळलेलं बरं.

कायद्याची एक भीती अजून लोकांच्या मनात आहे, तीही काढायला हवी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरायचं ठरवलं आणि त्याच्यावर उपचार ही सरकारची जबाबदारी केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, जीव देण्याचा प्रयत्न हा गुन्हा धरणारं जुनं ३०९ कलम राहिलेलंच नाही. रुग्णालय पोलिसांत नोंद करतं, ती रीत आहे. केस होईल म्हणून घरी उलटी काढत बसण्यात वेळ गेला तर माणूस जातो.

चौदाव्या दिवसानंतर करायचं ते फार साधं आहे. भिंतीवर दुधाचा हिशेब लिहायचं कॅलेंडर असतंच. तेराव्याच्या संध्याकाळी, सगळे असतानाच, त्यावर नावं लिहावीत. सोमवारी धाकटी जाऊ, बुधवारी भाचा, शनिवारी ऑफिसातले मित्र. येताना फळं आणली नाहीत तरी चालेल, काम आणावं. मृत्यूच्या दाखल्याच्या दहा प्रती लागतात. बँक, विमा, पेन्शन, गॅस, सातबाऱ्यावरची वारस नोंद, प्रत्येक खिडकीवर "मयताचं नाव?" ऐकावं लागतं. त्या रांगेत तिला एकटं उभं करू नये. गेलेल्याचा मोबाइल नंबर घाईने बंद करू नका. बँकेचे ओटीपी त्यावर येतात, आणि रिचार्ज संपून काही महिन्यांनी तो नंबर अनोळखी माणसाकडे जातो. कुणीतरी आवाज ऐकायला म्हणून फोन लावतं आणि पलीकडून परकं "हॅलो" येतं. त्यांचे व्हॉइस मेसेज आधीच दुसरीकडे उतरवून ठेवा. कॅलेंडरवर आणखी काही तारखांना लाल खूण करा: दर महिन्याची ती तिथी, दोघांचे वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिली दिवाळी, भाऊबीज, पितृपक्ष, वर्षश्राद्ध. त्या दिवसापेक्षा त्याच्या आधीचा आठवडा जड जातो. तेव्हाच जावं. पहिल्या दिवाळीला त्या घरात फराळ होत नाही, नातलग नेऊन देतात. डबा देऊन दारातून परतू नये, तासभर टेकावं.

परदेशी असलेल्या मुलांनी आईला रोज तिच्या संध्याकाळी फोन करावा, आपल्या सोयीच्या वेळी नव्हे. आणि त्यांच्यासाठीही कुणीतरी विचारायला हवं. अंत्यविधी व्हिडिओ कॉलवर बघून दुसऱ्या दिवशी कामावर गेलेल्या मुलाला ना तेरा दिवस मिळाले ना सतरंजी. अमेरिकेत ९८८, ब्रिटनमध्ये ११६ १२३ हे हेल्पलाइनचे नंबर दिवसरात्र चालू असतात.

हे वाचणारं माणूस स्वतःच मागे राहिलेलं असेल, आणि ही रात्र असेल, तर कॅलेंडर राहू दे. आधी खोलीतला दिवा लावा. जी वस्तू जवळ असू नये असं मनाला माहीत आहे, तिच्यापासून दूर व्हा, दुसऱ्या खोलीत, गॅलरीत, जिन्यात, शेजाऱ्यांच्या दारात. एवढ्या रात्री बेल वाजवली तर काय म्हणतील, हा विचार आज नको. पाणी प्या. शेवटचं जेवण कधी झालं ते आठवा आणि डब्यातलं काहीही खा. आज काहीच ठरवायचं नाही, घर विकायचं की नाही, नोकरी सोडायची की नाही, जगायचं की नाही. उपाशी आणि जागं असताना रात्री सुचलेलं सकाळी तसंच्या तसं राहत नाही. एका माणसाला फोन करा. नाही उचलला तर दुसऱ्याला. कुणालाच करवत नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, किंवा १८००-८९१-४४१६. पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालू असतो. आधी भाषा निवडायला सांगतात, त्यात मराठी आहे. मग समुपदेशक बोलतो, लागलं तर मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतो. लाइन लागली नाही तर पुन्हा लावा. पहिलं वाक्य जुळवत बसू नका. "माझं माणूस गेलंय आणि मला जगावंसं वाटत नाही" एवढं पुरतं. पुढचं ते विचारतात.